शेवटच्या खुर्चीतले भुसारी काका

भुसारी काकांच्या घरी जेवायला गेलात तर एक पथ्य पाळा. जेवणाची स्तुती करू नका. "काकू, वडी काय झालीय!" एवढं तुम्ही म्हणायचा अवकाश, काका ताटातून मान वर करतात, चष्म्याच्या वरून तुम्हाला न्याहाळतात आणि विचारतात, "खरंच झाली, की नुसतं म्हणून राहिले?" तुम्ही म्हणता, अहो खरंच. मग पुढचा प्रश्न येतो, "मीठ कसं आहे?"

इथे भलेभले गडबडतात. कारण एकदा वडीत मीठच पडलं नव्हतं आणि पंगतभर पाहुण्यांनी ती वाखाणून खाल्ली होती. काकांनी एकेकाकडून ते कबूल करून घेतलं. तेव्हापासून काकू पाहुणे यायच्या आधीच नवऱ्याला स्वयंपाकघरात बोलावून वडी चाखायला लावतात.

काका मूळचे हिंगणघाटचे. नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅरी गावात आम्हा सगळ्यांच्या आधी येऊन स्थायिक झालेले. एका मोठ्या कंपनीत नेटवर्क सांभाळायचे. म्हणजे एका संगणकाचं बोलणं दुसऱ्यापर्यंत पोचत नसलं की मध्ये कुठे अडलंय ते शोधून काढायचं. गिऱ्हाईक फोनवर "थँक यू, इट्स वर्किंग नाऊ" म्हणालं की त्यांच्या ऑफिसातले बाकीचे इंजिनियर सुटकेचा निःश्वास टाकून फोन ठेवत. काका ठेवत नसत. ते गिऱ्हाइकाला पानाच्या तळाची ओळ मोठ्यानं वाचून दाखवायला लावत. त्यांच्या साहेबानं म्हणे यावरून त्यांना एकदा समजही दिली होती. "समजलं का, असं विचारलं त्यानं," काका सांगत. "मी म्हटलं, समजलं. त्याला खरं वाटलं, बाप्पा!"

आमच्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात काका हटकून शेवटच्या रांगेतल्या शेवटच्या खुर्चीत बसत. पुढे कितीही जागा रिकाम्या असोत, हे आपले खांबाच्या आड, स्वयंपाकघराच्या दाराशी. अध्यक्ष माइकवर टकटक करून विचारत, "आवाज येतोय ना?" आणि सगळे एका सुरात म्हणत, "येतोय!" मग मागून काका ओरडत, "नाही!" लोक हसत, अध्यक्ष वैतागत. काकांचं म्हणणं साधं होतं. ज्याला प्रश्नच ऐकू आला नाही, तो उत्तर काय देणार? त्यामुळे उत्तर नेहमी 'येतोय' असंच येतं.

आणखी एक खूळ म्हणजे तो जुना कॅमेरा. पिकनिक असो की कोणाचं बारसं, काका लहान मुलांचे फोटो काढत सुटत, आणि मग आईबापांना गाठून विचारत, "तुझ्या आईचा भारतातला पत्ता दे." असेल एखादा छंद, असं म्हणून आम्ही पत्ते दिले आणि विसरून गेलो.

मी पुण्याची. एखादी गोष्ट आवडली नाही तर ती तोंडावर सांगण्यात आमच्या सात पिढ्या गेल्या, त्यामुळे "नुसतं म्हणून राहिली का" हा प्रश्न मला भलताच झोंबायचा. त्यातून मंडळाची वेबसाइट माझ्याकडे. मी ती नव्या कंपनीकडे हलवली होती, नवे रंग दिले होते, वर एक झुळझुळीत पट्टी लावली होती. सगळ्यांनी कौतुक केलं. काकांनी काय विचारलं असेल ते तुमच्या लक्षात आलंच असेल.

मग शिरीष आजारी पडला.

शिरीष म्हणजे आमच्या मंडळाची ढोलकी. चाळिशीही न गाठलेला, उंचापुरा, ऑफिसच्या टेबलावरसुद्धा बोटांनी ठेका धरणारा. त्याला रक्ताचा कर्करोग निघाला. डॉक्टर म्हणाले, मज्जापेशी बदलाव्या लागतील, आणि त्या जुळणाऱ्या माणसाच्या हव्यात. सख्ख्या भावाच्या जुळल्या नाहीत. बाहेरचा दाता मिळायचा तर तो बहुधा आपल्याच लोकांत मिळणार, आणि दात्यांच्या यादीत आपली माणसं अगदी तुरळक. शोधायला वेळही फार नव्हता.

आम्ही एकाच रविवारी अनेक गावांत शिबिरं ठरवली. गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवून द्यायचा, एवढंच काम. पण त्याचे संच पाठवणाऱ्या संस्थेची एक अट होती. ज्या गावातून शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत जितके लोक आमच्या साइटवर नाव नोंदवतील, तितकेच संच त्या गावाला. प्रत्येकानं आपल्या तब्येतीची माहिती आपण भरून होकार द्यायचा, दुसऱ्यानं भरलेलं चालायचं नाही.

सगळ्यात मोठी आशा होती पिस्कॅटवेची. न्यू जर्सीतलं हे गाव म्हणजे विद्यापीठातली पोरं आणि कंपन्यांतली माणसं, बघाल तिथे आपलेच लोक. तिथल्या मंडळाच्या सुमनमावशींनी घरोघर फोन केले होते. आणि गुरुवारी मी पाहते तर पिस्कॅटवेहून जेमतेम मूठभर नावं. कॅरी भरभरून, तिकडे पश्चिमेचं सांता क्लाराही बरं, आणि पिस्कॅटवे कोरडं ठणठणीत.

मी चिडले. लोकांच्या उदासीनतेवर तणतणत बसले होते, तेवढ्यात शिरीषचा फोन आला. "काय गं, माझ्यासाठी कापूस चघळायला लोक मिळेनात का?" तो हसत होता, पण मध्येच दम लागून थांबला. फोन ठेवून मी सरळ काकांना लावला.

काकांनी नावं केव्हा केव्हा आली ते वाचायला सांगितलं. मी वाचत गेले. ते लिहून घेत होते. मग म्हणाले, "पिस्कॅटवेची सारी नावं दिवसाढवळ्या आली. संध्याकाळचं एक नाही, शनिवार-रविवारचं एक नाही. तिकडची माणसं काय फक्त ऑफिसात परोपकारी होतात का?"

"म्हणजे?"

"म्हणजे ऑफिसातून साइट दिसते. घरून दिसत नाही."

"काका, साइट व्यवस्थित चालू आहे. मी आत्ता पाहतेय."

"तुला दिसते यानं काय सिद्ध होते? तू कॅरीत बसली आहेस. शिरीषला वाचवणारा माणूस कॅरीत बसला आहे का, तेवढं सांग."

पुणेकर असूनही मी वाद न घालता ऑफिसला सुट्टी टाकली, हे नमूद करते.

शुक्रवारी सकाळीच मी त्यांच्या घरी जाऊन थडकले. जेवणाच्या टेबलावर दोन लॅपटॉप, एक फोन. काकूंनी समोर पोहे ठेवले, ते तसेच राहिले. मी स्पीकरवर सुमनमावशींना फोन लावला.

"मावशी, साइट उघडतेय ना तुमच्याकडे?"

"हो हो! पाहिली की. छान केलीयेस गं, अगदी बघत राहावंसं वाटतं."

मी काकांकडे विजयी मुद्रेनं पाहिलं. काकांनी फोन पुढे ओढला. "नमस्कार, मी भुसारी. शिरीषचा फोटो आहे ना वर? त्याच्या हातात काय आहे हो?"

मग मावशी चाचरत म्हणाल्या, "हातात... फुलं आहेत ना?"

फोटोत शिरीष ढोलकी घेऊन बसला होता.

"मावशी," काका अगदी हळू आवाजात म्हणाले, "तुम्हाला काय दिसून राहिलं ते सांगा. मला राग नाही येणार."

"पांढरं," मावशी म्हणाल्या. त्यांचा आवाज एवढासा झाला होता. "नुसतं पांढरं पान, आणि ते खाली फिरत राहतं. मला वाटलं, आमचाच कॉम्प्युटर जुना. बाकीच्यांना दिसत असेल. ही पोरगी तिकडे जिवाचं रान करतेय, शिरीष असा आजारी, त्यात आपलं रडगाणं कुठे सांगायचं? म्हटलं, मुलगा नवा कॉम्प्युटर आणेल तेव्हा भरीन."

भीड ही भिकेची बहीण, असं माझी आजी म्हणायची. मी भराभर आणखी चार घरी फोन लावले. सगळीकडे आधी "हो हो, पाहिली", आणि काकांनी ढोलकीचं विचारलं की पांढरं पान. एकानं तर मोठ्या मनानं सांगितलं, "गर्दी असेल म्हणून मी नंतर बघू म्हटलं. आधी गरजूंना बघू दे." साइटवर मी ठळक लिहून ठेवलं होतं: काही अडचण आल्यास याच पानावर कळवावे. काकांनी ते वाचलं आणि नुसतं माझ्याकडे पाहिलं.

मग कामाला सुरुवात झाली. काका म्हणाले, एक कोरं पान कर, त्यावर फक्त 'नमस्कार' लिही. मी केलं. मावशी ओरडल्या, "दिसलं! नमस्कार दिसलं!" आता चार ओळी वाढव. दिसल्या. आणखी वाढव. दिसल्या. आणखी. आता मावशी गप्प.

"मावशी?"

"पांढरं रे बाबा."

काकांनी टेबलावर थाप मारली. पोह्यांची ताटली उडाली. मला काहीच कळलं नव्हतं, तेव्हा त्यांनी समजावलं. पान काही इंटरनेटवरून सबंध जात नाही, त्याची पुडकी बांधून जातात. आमच्याकडे घरोघरी केबलचं इंटरनेट, त्याचं दार रुंद, ऑफिसांचंही तसंच. तिकडे अपार्टमेंटांत टेलिफोनच्या तारेवरचं, त्याचं दार जरा अरुंद. पुडकं दारात अडलं की तिथून उलट निरोप येतो, मोठं होतंय, लहान करून पाठवा. पण मी साइट ज्या नव्या कंपनीकडे नेली, तिनं सुरक्षेसाठी बसवलेला पहारेकरी बाहेरून आलेला हा निरोप केराच्या टोपलीत टाकत होता.

"पाठवणाऱ्याला वाटते, पोचलं," काका म्हणाले. "आणि तिकडचा वाट पाहत बसते."

आम्ही त्या कंपनीला फोन लावला. तिथला मुलगा गोड आवाजात म्हणाला, "सर, इट्स वर्किंग फाइन फॉर मी." काकांचे कान लाल झाले. "ऑफ कोर्स इट इज! यू आर सिटिंग नेक्स्ट टू इट!" त्यानं तक्रार नोंदवून घेतली. सोमवारी कोणीतरी बघेल म्हणाला. आमची मुदत होती त्याच दिवशी पाचची. भिंतीवरचं घड्याळ दुपार उलटल्याचं सांगत होतं.

काका लॅपटॉप माझ्यापुढे सरकवून म्हणाले, "दार रुंद होत नाही, पहारेकरी हलत नाही. पुडकंच लहान कर. पट्टी काढ."

मी पट्टी काढली.

"रंग काढ. शिरीषचा फोटो काढ."

"काका, फोटो पाहूनच तर लोक..."

"फोटोमुळेच त्यांना फॉर्म दिसत नाही ना!"

फोटो काढणं जिवावर आलं, खोटं कशाला सांगू. मी मोठ्या जिव्हाळ्यानं लिहिलेलं आवाहनही गेलं. मराठी अक्षरं जास्त जागा खातात म्हणून तीही गेली, सगळं इंग्रजीत केलं. तब्येतीच्या प्रश्नांचं लांबलचक पान तोडून इवली इवली पानं केली. एका पानावर नाव आणि गाव, पुढच्यावर वय, त्यापुढे दोन-दोन प्रश्न, खाली एक बटण. प्रत्येक पान झालं की काका मावशींकडून शेवटची ओळ वाचून घेत. एकदा मी म्हटलं, हे पान तर लहानच आहे, राहू दे. त्यांनी ऐकलं नाही. ते नेमकं पांढरं आलं. जुन्या पानातलं काहीतरी त्यातून काढायचं मी विसरले होते.

काकू मागे देवाचं नाव घेत उभ्या होत्या. शेवटचं पान लागलं. मावशींनी बटण दाबलं, आणि आमच्या यादीत त्यांचं नाव टपकन उमटलं. मावशींचं वय दात्यांच्या मर्यादेत बसतं की नाही ही शंका माझ्या मनात आली, पण त्या क्षणी मी त्यांची पापी घेतली असती.

मग नुसते फोन. मावशी तिकडून, आम्ही इकडून, काकूसुद्धा. "पुन्हा उघडून बघा. हो, दिसायला भिकार आहे, पण भरा." नावं येऊ लागली. आधी एकेक, मग जोड्यांनी, मग धो धो. पाच वाजले तेव्हा पिस्कॅटवे कॅरीच्या पुढे गेलं होतं. मी टेबलावर डोकं ठेवून रडले. काकांनी थंडगार पोहे माझ्यापुढे सरकवले. "खाऊन घे. मीठ कमी आहे, सांगून ठेवतो."

शिरीषचं पुढे काय झालं ते आत्ताच सांगून टाकते, नाहीतर तुमचं लक्ष लागणार नाही. काही आठवड्यांनी त्याला जुळणारा दाता मिळाला. कोण आणि कुठला, ते संस्था इतक्यात सांगत नाही. आम्ही आपापल्या मनात पिस्कॅटवे म्हणतो. शिरीष बरा झाला, आणि बरा झाल्याचा त्यानं फोन केला तेव्हा काका म्हणाले, "बरा आहेस, की म्हणून राहिला?" आणि गाडी काढून थेट त्याच्या घरी गेले. एक अख्खी लावणी त्याच्याकडून वाजवून घेतल्यावरच परत आले.

पण मला सांगायचंय ते त्या रविवारचं. शाळेच्या हॉलमध्ये आमचं शिबिर जोरात चाललं होतं. काका नेहमीप्रमाणे शेवटच्या खुर्चीत, गालात कापसाचा बोळा फिरवत बसले होते. मी त्यांच्या शेजारी टेकले आणि मनात आलं ते विचारलं. "काका, तुम्ही कोणावरच विश्वास का ठेवत नाही?"

त्यांनी बोळा काढून पाकिटात घातला, पाकीट नीट चिकटवलं.

"आधी ठेवत होतो," ते म्हणाले. "इट्स वर्किंग म्हटलं की मी पण फोन ठेवून द्यायचो. पोरगी लहान होती तेव्हा मी तिच्या फोटोंचं एक पान केलं होतं इंटरनेटवर. आईसाठी. गावात नवीनच इंटरनेटचा कॅफे निघाला होता, आई दर आठवड्याला तिथं जायची. मी फोनवर विचारायचो, आई, पाहिलं का? ती म्हणायची, पाहिलं रे, गोड दिसते. पान केलं म्हणून मी पोस्टानं फोटो पाठवणं बंद केलं."

हॉलमध्ये कोणीतरी माइक तपासत होतं.

"ती गेली तेव्हा गावी गेलो. दिवस झाल्यावर त्या कॅफेत जाऊन बसलो. म्हटलं, ती बसायची तिथं बसून पाहू. पान उघडलंच नाही. पांढरं. कॅफेवाला म्हणाला, काका, ते इथं कधीच उघडलं नाही. आजी यायच्या, थोडा वेळ पांढऱ्याकडे पाहत बसायच्या, जायच्या. मी त्यांना म्हटलं, सांगू का तुमच्या मुलाला? तर म्हणायच्या, नको रे, त्यानं मोठ्या हौसेनं केलं आहे." काकांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "नात चालायला लागली, शाळेत गेली. आईनं काहीच नाही पाहिलं. आणि मी नेटवर्कचा इंजिनियर!"

मला रडू आवरेना. मी त्यांचा हात धरून बसले. मग त्यांना कोणीतरी हाक मारली आणि ते उठून गेले.

घरी आल्यावर मला पुण्याच्या आमच्या घरातला फोन आठवला. आईकडेही टेलिफोनच्या तारेवरचंच इंटरनेट. माझ्या लेकाचे, अर्णवचे फोटो मी त्याच नव्या कंपनीकडे ठेवले होते, आणि आई दर वेळी म्हणत होती, पाहिले गं, गोड आलेत. तिकडे सकाळ झाल्याबरोबर मी फोन लावला.

"आई, पिकनिकच्या फोटोत अर्णवच्या हातात काय आहे?"

"कणीस," आई ताबडतोब म्हणाली. "अर्धं खाल्लेलं. आणि बुटाची नाडी सुटलीये. लक्ष कुठे असतं गं तुझं?"

माझा जीव भांड्यात पडला, आणि पडता पडता थांबला. मी टाकलेल्या फोटोत कणीस नव्हतं. फुगा होता.

"आई, खरं सांग."

"तुझं ते इंटरनेटवरचं आमच्याकडे बरेच दिवस उघडत नाही गं. तू हौसेनं करतेस, म्हणून बोलले नाही. तुमचे ते भुसारी आहेत ना, ते पाठवतात पोस्टानं. प्रत्येक फोटोच्या मागे एकच ओळ असते, मिळाला का ते कळवा. मीच मेली आळशी, कधी कळवलं नाही. तू सांगशील त्यांना?"

"काय सांगू?"

"मिळाले म्हणावं. नुसतं म्हणत नाहीये, देव्हाऱ्याशेजारी ओळीनं लावलेत. रोज पाहते."